कौंटीचा शेरीफ ते विधिमंडळाचा सदस्य: जॉन स्लॉटरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅरिझोनात राहणारी आपली माणसं भारतातून आई-वडील आले की त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवतात आणि वेळ उरला तर टूमस्टोन या जुन्या खाणींच्या गावाला घेऊन जातात. तिथून परतलेल्यांचे प्रश्न माझ्याकडे बरीच वर्षं येत आहेत. बहुतेक प्रश्न बंदुकीचे असतात. मला मात्र वाटतं की तिथल्या जॉन स्लॉटर या शेरीफची कारकीर्द कळायची असेल तर बंदुकीइतकीच करवसुलीची वही उघडून बघावी लागते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. जॉन स्लॉटर नेमका कोण होता? थोडक्यात सांगाल का?

जॉन हॉर्टन स्लॉटरचा जन्म २ ऑक्टोबर १८४१ रोजी लुईझियानात झाला आणि तो वाढला टेक्सासमध्ये. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो दक्षिणेच्या बाजूने होता. पुढे गुरांचा व्यापार करत, कळप हाकत तो पश्चिमेला सरकला आणि अ‍ॅरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात स्थिरावला. १८८६ मध्ये तो कोचीस कौंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. (कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा; टूमस्टोन याच कौंटीत येतं.) १८८७ ते १८९० अशा दोन मुदती त्याने पुऱ्या केल्या. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९०६ मध्ये, त्याच कौंटीने त्याला विधिमंडळात पाठवलं. १६ फेब्रुवारी १९२२ रोजी डग्लस या सीमेवरच्या गावात तो वारला.

२. 'स्लॉटर' हे खरं आडनाव की लोकांनी पाडलेलं नाव?

खरं, घराण्याचं आडनाव. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ कत्तल असा होतो, म्हणून शंका येते. आपल्याकडे वाघमारे आडनाव ऐकून कोणी वाघाची चौकशी करत नाही, तसंच हे. लोकांनी दिलेली नावं वेगळी होती: गोरे लोक त्याला 'टेक्सास जॉन' म्हणत आणि स्पॅनिश बोलणारे 'डॉन हुआन'.

३. शेरीफ म्हणजे आपला फौजदार का? आणि मग मुंबईचे शेरीफ कोण?

फौजदाराला सरकार नेमतं, त्याची बदली होते, त्याच्या वर साहेब असतो. अमेरिकेतल्या कौंटीच्या शेरीफला लोक मतं देऊन निवडतात. त्याची बदली होत नाही, कारण ज्यांनी नेमलं ते मतदार त्याच कौंटीत राहतात. त्याच्या हाताखालचे नायब तो स्वतः निवडतो. फौजदारी, तुरुंग आणि कोर्टाचा बेलिफ ही तिन्ही कामं एका माणसाकडे आणि तो माणूस निवडणुकीतून आलेला, अशी कल्पना केली की बरंचसं जमतं.

मुंबईचं पद त्याच मुळातून आलं आहे, पण वाट वेगळी. इंग्लंडात 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे तिथला राजाचा कारभारी. त्या जोडशब्दाचा पुढे शेरीफ झाला. इंग्रजांनी हे पद मुंबईतही आणलं. मराठीत आपण त्याला नगरपाल म्हणतो. ते वर्षभराचं मानाचं पद आहे आणि त्यात गुन्हेगार पकडणं येत नाही. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ होते. १८७१ मध्येच अ‍ॅरिझोनाच्या याव्हापाय कौंटीत जॉनी बीहन नावाचा एक जण शेरीफपदावर बसला होता. (बीहनचं पुढे काय झालं ते प्रश्न ६ आणि १२ मध्ये आहे.) पदाचं नाव एकच, साल एकच, आणि दोघांच्या दिवसात काडीचं साम्य नाही.

४. शेरीफ दिवसभर करायचा तरी काय? सारखे दरोडेखोरच पकडायचा का?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

कोचीस कौंटी १८८१ मध्ये पिमा कौंटीतून वेगळी झाली. क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून किंचित मोठं. दक्षिणेला मेक्सिकोची सीमा, मध्ये डोंगर, आणि फिरायचं घोड्यावरून. एवढ्या मुलखात शेरीफ आणि त्याचे मोजके नायब.

कोर्टाची समन्सं पोचवायची. ज्यूरीसाठी माणसं गोळा करायची. जप्ती आणि लिलाव करायचे. तुरुंग सांभाळायचा, कैद्यांच्या जेवणाचा हिशेब ठेवायचा. फाशीची शिक्षा झाली तर तीही अमलात आणायची जबाबदारी त्याचीच. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कर. कोचीसमध्ये शेरीफ हाच पदसिद्ध करआकारणी अधिकारी होता. कोणाची गुरं किती, कोणाची खाण केवढ्याची, दुकानात माल किती, हे तो ठरवायचा, वसूल करायचा, आणि वसुलीवर त्याला टक्केवारी मिळायची. आपल्या जुन्या गावगाड्यातल्या वतनदाराला हा प्रकार नवा वाटला नसता.

खरा पैसा याच कामात होता. १८८१ मध्ये नवीन कौंटीचं शेरीफपद कोणाला मिळणार यावरून टूमस्टोनमध्ये जी चुरस लागली तिच्या मुळाशी शौर्यापेक्षा ही टक्केवारी होती. आणि कारकिर्दीच्या दृष्टीने दुसरी गोष्ट: दोन मुदती हे काम केलेल्या माणसाला कौंटीतली प्रत्येक वाडी, प्रत्येक पाणवठा, कोण कर भरतो आणि कोण चुकवतो, हे तोंडपाठ होत असे. विधिमंडळात जायला याहून चांगली तयारी कोणती?

५. मतदान कोण करायचं? सगळ्या लोकांनी निवडलेला शेरीफ असं म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. तेव्हा शेरीफची मुदत दोन वर्षांची होती आणि मत द्यायचा हक्क फक्त पुरुष नागरिकांना होता. अ‍ॅरिझोनातल्या बायकांना मताधिकार मिळाला नोव्हेंबर १९१२ मध्ये. ज्यांच्या भूमीवर ही कौंटी उभी राहिली, आणि ज्यांच्या पुढाऱ्याचं नाव तिला दिलं गेलं, त्या अपाची लोकांसकट अ‍ॅरिझोनातल्या मूळ रहिवाशांना मतदानाचा हक्क १९४८ च्या न्यायालयीन निकालापर्यंत वाट पाहून मिळाला. चिनी मजुरांना तर नागरिकत्वच घेता येत नव्हतं. स्लॉटरच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या त्याच्या मोठ्या जमिनीवर, भाजीचे मळे पिकवणारे चिनी माळी होते. त्यांच्यापैकी कोणाचं मत त्याला कधी मिळणं शक्यच नव्हतं.

६. ओ.के. कोरालच्या प्रसिद्ध गोळीबारात स्लॉटर होता का?

नाही. अर्प बंधू आणि 'काउबॉय' टोळी यांच्यातला टूमस्टोनमधला तो गोळीबार २६ ऑक्टोबर १८८१ चा. तेव्हा शेरीफ होता जॉनी बीहन, कौंटीचा पहिला शेरीफ, आणि त्याला राज्यपाल फ्रीमाँटने नेमलेलं होतं. त्याच्यानंतर जेरोम वॉर्ड, मग रॉबर्ट हॅच, आणि मग स्लॉटर. टूमस्टोनच्या रस्त्यावर रोज जो गोळीबार करून दाखवतात त्यात स्लॉटरला शोधू नका.

७. मग शेरीफ म्हणून त्याने केलं काय?

निवडणूक झाली नोव्हेंबर १८८६ मध्ये. त्याच वर्षीच्या ४ सप्टेंबरला स्केलेटन कॅन्यनमध्ये अमेरिकेच्या लष्कराशी लढणारा अपाची पुढारी जेरोनिमो याने शरणागती पत्करली होती. ते ठिकाण स्लॉटरच्या रँचपासून फार लांब नाही. युद्ध संपलं होतं, पण सीमेपलीकडून आणि अलीकडून गुरं चोरणाऱ्यांच्या टोळ्या होत्याच. गुरांच्या मालकांना आपल्यातलाच, गुरांचा माग काढता येणारा शेरीफ हवा होता. त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्लॉटरला निवडलं.

१८८८ मध्ये सोनोरा या मेक्सिकोच्या सीमेलगतच्या राज्यात रेल्वे लुटून जॅक टेलरच्या टोळीतले काही जण सीमा ओलांडून आले. व्हेटस्टोन डोंगरात स्लॉटर आणि त्याच्या नायबांनी त्यांना गाठलं. चकमक झाली, टोळीतली माणसं मेली, आणि टोळी मोडली. त्याच्या शेरीफकीतला हा सर्वांत गाजलेला प्रसंग.

त्याच्या निवडीत एक मोठी खोटही होती. बर्ट अल्व्हर्ड या विशीतल्या पोराला त्याने नायब केलं. पोरगा धाडसी होता आणि दारूच्या गुत्त्यांतल्या गप्पा त्याच्या कानावर लगेच येत. पण सप्टेंबर १८९९ मध्ये याच अल्व्हर्डने, विलकॉक्सचा कॉन्स्टेबल असताना, कोचीस स्टेशनजवळ रेल्वे लुटण्याचा बेत आखला. तेव्हा स्लॉटरची शेरीफकी संपून नऊ वर्षं होत आली होती. तरीही नायब निवडण्याचा पूर्ण अधिकार एकाच माणसाकडे असला की काय जोखीम असते, ते यातून दिसतं.

८. त्याने एकूण किती माणसं मारली?

तुम्हाला जे आकडे ऐकायला मिळतात ते गोष्टी सांगणाऱ्यांचे आहेत आणि दर पिढीत ते वाढत गेले आहेत. मी आकडा देत नाही. शेरीफ होण्याच्या दहा वर्षं आधी, १८७६ मध्ये, न्यू मेक्सिकोत बार्नी गॅलघर नावाच्या माणसाला त्याने गोळी घातली होती आणि तो माणूस मेला. तरी मतदारांनी त्याला शेरीफ केलं. काहींनी तर त्यामुळेच केलं असेल. चोराचा पाठलाग करायला जाऊन तो एकटाच परत यायचा आणि 'चोर मुलूख सोडून गेला' एवढंच सांगायचा, ही गोष्ट तिकडे सर्रास सांगितली जाते. ज्यांना ही गोष्ट गमतीची वाटते त्यांना मी एवढंच विचारतो: ज्यूरी गोळा करणं हे ज्याचं काम (प्रश्न ४), त्याने ज्यूरीपुढे न नेता निकाल लावला असेल तर त्याला कायद्याचं राज्य म्हणायचं का?

९. दोन मुदतींनंतर तो थांबला का? आणि मधली सोळा वर्षं कुठे होता?

तिसऱ्यांदा उभं न राहता तो रँचवर परतला. या रँचला बाजूला ठेवून त्याची कारकीर्द समजत नाही.

सान बर्नार्दिनो ही मूळ मेक्सिकन काळातली जमीन. १८८४ मध्ये स्लॉटरने ती घेतली तेव्हा ती साठ हजार एकरांहून जास्त होती आणि आंतरराष्ट्रीय सीमा तिच्यातून जात होती. घर अमेरिकेत, पण बहुतेक चराई मेक्सिकोत. ३ मे १८८७ रोजी, तो शेरीफ होऊन जेमतेम चार महिने झाले असताना, सोनोरात मोठा भूकंप झाला. बाविस्पे गाव उद्ध्वस्त झालं आणि रँचवरची मातीची घरंही पडली. आज जे घर दिसतं ते त्यानंतर, १८९० च्या दशकात बांधलेलं. जाड कच्च्या विटांच्या भिंती, चारही बाजूंनी ओसरी. शेजारी बर्फघर. त्या उन्हात मांस टिकवायला दुसरा उपाय नव्हता.

पहिली बायको एलायझा १८७८ मध्ये देवीच्या रोगाने गेली. पुढच्या वर्षी त्याने व्हायोला हॉवेलशी लग्न केलं. ती त्याच्याहून जवळपास वीस वर्षांनी लहान. रँचचा संसार तिने ओढला: नातेवाईक, गुराखी, आले-गेले, आणि सांभाळलेली मुलं. त्यांतल्या एका मुलीविषयी पुढचा प्रश्न आहे. जॉन स्वेन हा कृष्णवर्णीय गुराखीही स्लॉटरबरोबरच या मुलखात आला. त्याचा जन्म गुलामगिरीत झालेला. तो आयुष्यभर या भागात राहिला आणि टूमस्टोनच्या बूटहिल दफनभूमीत त्याला पुरलं आहे. स्लॉटरच्या कळपांचं श्रेय देताना हे नाव गाळलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

१०. अपाची मुलीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १८९६ मध्ये लष्कराच्या तुकडीबरोबर अपाचींचा पाठलाग करताना, मेक्सिकोच्या हद्दीत, हल्ल्यानंतर रिकाम्या झालेल्या तळावर एक तान्ही म्हणावी इतकी लहान मुलगी मागे राहिलेली सापडली. स्लॉटरने तिला घरी आणलं. मे महिन्यात सापडली म्हणून तिला अपाची मे म्हणू लागले. ती त्याच्या मागे मागे फिरायची आणि त्याचा तिच्यावर फार जीव होता. १९०० मध्ये तिच्या कपड्यांनी पेट घेतला आणि त्या भाजण्याने ती गेली.

ही गोष्ट बहुधा त्याच्या मायेची म्हणून सांगितली जाते. माया खोटी नव्हती. पण मूल मागे का राहिलं, तर त्याचे आई-वडील याच तुकडीपासून पळत होते. दोन्ही गोष्टी एकदमच सांगायला हव्यात.

११. १९०६ मध्ये तो 'राज्याचा आमदार' झाला असं लिहिलेलं वाचलं. ते बरोबर आहे का?

काटेकोरपणे पाहिलं तर नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. अ‍ॅरिझोना राज्य झालं १४ फेब्रुवारी १९१२ रोजी. १९०६ मध्ये ती 'टेरिटरी' होती: राज्यपाल राष्ट्राध्यक्ष नेमायचे, विधिमंडळाने केलेला कायदा रद्द करायचा अधिकार वॉशिंग्टनच्या काँग्रेसला होता, आणि काँग्रेसमध्ये तिच्या प्रतिनिधीला मत नव्हतं. स्लॉटर हा प्रादेशिक विधिमंडळाचा सदस्य होता. त्यात दोन सभागृहं होती, १२ जणांचं काउन्सिल आणि २४ जणांचं प्रतिनिधिगृह. तो प्रतिनिधिगृहात बसला.

गोव्याच्या वाचकांना हे चटकन कळेल. १९६३ ते १९८७ या काळातले गोव्याचे आमदार राज्याचे नव्हते, केंद्रशासित प्रदेशाचे होते. आणखी एक साम्य आहे. ज्या नोव्हेंबर १९०६ च्या निवडणुकीत स्लॉटर निवडून आला, त्याच वेळी अ‍ॅरिझोनाच्या मतदारांपुढे सवाल होता: न्यू मेक्सिकोत मिसळून एक राज्य व्हायचं का? उत्तर आलं १६,२६५ विरुद्ध ३,१४१, म्हणजे साफ नकार. गोव्याचा १९६७ चा जनमत कौल आठवतो ना? तिथे फरक बराच कमी होता, पण प्रश्न त्याच जातीचा.

१२. विधिमंडळात त्याने काय केलं? आणि शेरीफकीतून तिथे गेलेला तो एकटाच का?

चोविसावं प्रादेशिक विधिमंडळ जानेवारी १९०७ मध्ये फिनिक्सला भरलं. स्लॉटर तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. याच वर्षी टेरिटरीभर जुगारावर बंदी आली. रात्र-रात्र पोकर खेळणारा हा माणूस ज्या सभागृहात बसला, त्याच सभागृहाच्या काळात. त्याने एकच मुदत केली आणि पुन्हा गुरांकडे वळला. त्याला तिथे कोणत्या मोठ्या भाषणासाठी पाठवलं नव्हतं. सीमा, पाणी, गुरं आणि कर यांची माहिती असलेला कोचीसचा माणूस म्हणून पाठवलं होतं. शेरीफकीत जे कमावलं त्याचाच हा उपयोग.

एकटा तर नाहीच. बीहनने तीच वाट तीस वर्षं आधी धरली होती: याव्हापाय कौंटीचा शेरीफ, मग १८७३ च्या विधिमंडळात याव्हापायचा सदस्य, १८७९ मध्ये मोहावे कौंटीचा सदस्य, आणि त्यानंतर पुन्हा शेरीफ, या वेळी कोचीसचा. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालू होती. तिसरं नाव कार्ल हेडनचं. ज्या १९०६ च्या निवडणुकीत स्लॉटर प्रतिनिधी झाला, त्याच निवडणुकीत हेडन मॅरिकोपा कौंटीचा शेरीफ झाला. १९१० मध्ये रेल्वे लुटणाऱ्या दोन भावांचा त्याने मोटारगाडीतून पाठलाग केला. १९१२ मध्ये तो थेट वॉशिंग्टनला गेला आणि १९६९ पर्यंत, आधी प्रतिनिधी आणि मग सिनेटर म्हणून, तिथेच राहिला. हेडनच्या कारकिर्दीत विधिमंडळाची पायरी आलीच नाही, म्हणून तो या पानाचा विषय नाही.

१३. आजच्या अ‍ॅरिझोनात शेरीफला आमदार होता येतं का? पद सोडावं लागतं का?

येतं. पण राज्यघटनेत अट आहे: निवडून आलेल्या अधिकाऱ्याला मुदतीचं शेवटचं वर्ष लागेपर्यंत दुसऱ्या पगारी पदासाठी उभं राहता येत नाही. त्याआधी उभं राहायचं तर राजीनामा द्यायचा. शेरीफची मुदत आता चार वर्षांची आहे, त्यामुळे वेळ साधावी लागते. राज्यात १५ कौंट्या आणि ३० मतदारसंघ आहेत. प्रत्येक मतदारसंघातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी दोन वर्षांसाठी जातात. एका सभागृहात सलग चार मुदतींची मर्यादा आहे, शेरीफला तशी मर्यादा नाही. पगाराचंही पाहा. आमदाराचं मूळ मानधन वर्षाला २४,००० डॉलर आहे, आणि शेरीफचा पगार त्याच्या कितीतरी वर. म्हणून आज ही वाट निवडणारा बहुधा निवृत्तीला आलेला असतो. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, तेव्हा हे उत्तर टेक्सासला लावू नका.

१४. आपल्याकडे असं कोणी आहे का?

शेरीफसारखं निवडून आलेलं पोलीसपद आपल्याकडे नाही, त्यामुळे तंतोतंत जोड मिळत नाही. जवळचं उदाहरण म्हणजे मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह. त्यांनी २०१४ मध्ये सेवा सोडली आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून लोकसभेवर निवडून आले. फरक लक्षात घ्या: आपल्याकडे आधी नोकरी सोडायची, मग पक्षात जायचं. स्लॉटर शेरीफ झाला तोच पक्षाच्या तिकिटावर.

१५. हे सगळं पाहायला कुठे जायचं?

फिनिक्सची जुनी कॅपिटॉल इमारत आता संग्रहालय आहे. १९०७ चं विधिमंडळ तिथेच भरलं होतं. टूमस्टोनचं १८८२ चं कोर्टहाउसही पाहता येतं, शेरीफची कचेरी आणि तुरुंग तिथेच होते. पण वेळ एकाच ठिकाणी द्यायचा असेल तर रँचला द्या. १९६४ पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि घरात संग्रहालय आहे. ओसरीवर उभं राहिलं की दक्षिणेला सीमेचं कुंपण दिसतं. स्लॉटरची गुरं जिथे बिनदिक्कत पलीकडे चरायला जायची तीच ही जागा. समोरच्या तळ्यात पाणी जमिनीतून आपोआप वर येतं. लगतच्या जमिनीवर १९८२ पासून वन्यजीव आश्रयस्थान आहे, आणि याकी नदीच्या खोऱ्यातले दुर्मीळ मासे तिथे जपले आहेत.

रँच डग्लसच्या पूर्वेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. रस्ता कच्चा, वाटेत दुकान नाही. पेट्रोल आणि पिण्याचं पाणी डग्लसमध्येच भरून घ्या, आणि पावसाळी ढग दिसले तर त्या दिवशीचा बेत रद्द करा.